भंगाराचा सौदा मी ठरवला होता

कोलशेतच्या आमच्या घरामागच्या शेडमधला ट्रॅक्टर भंगारात द्यायचा सौदा मी केला होता, आणि तो दादाला न विचारता केला होता. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. कोणी कधी बोलून दाखवत नाही, पण विषय निघाला की वहिनी उठून चहा टाकायला जाते. त्यापेक्षा मीच एकदा सगळं लिहून टाकते.

२०२२चा ऑगस्ट होता. भंगारवाल्याला मी घरी बोलावून घेतलं. त्यानं शेडमध्ये जाऊन टायर लाथेनं दाबून बघितले, बॉनेटवर मूठ आपटली आणि किलोचा दर सांगितला. दीड टनाच्या वर लोखंड भरेल, गॅस कटर आणून जागेवरच तुकडे करू, टेम्पो दोन फेऱ्यांत नेईल, असा त्याचा हिशेब होता. मी पाच हजार रुपये इसार घेतला आणि गुरुवार ठरवला, कारण गुरुवारी दादा-वहिनी दवाखान्यात जाणार होते. आई आत झोपलेली असेल, तिला आवाजानंतरच कळेल, इतका विचार मी केला होता.

त्या गुरुवारी पाऊस असा लागला की गावठाणातल्या गल्लीत टेम्पो शिरला नाही. आणि माझा भाचा कॉलेजला सुट्टी मिळाली म्हणून लवकर घरी आला. त्यानं मला विचारलं, "आत्या, हा माणूस कटर घेऊन का उभा आहे?" मी सांगितलं. तो भांडला नाही. शेडमध्ये जाऊन ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या सीटवर बसला आणि म्हणाला, "मला दिवाळीपर्यंत वेळ दे." मी दिला. माझं मत बदललं म्हणून नाही. सख्ख्या भाच्याच्या डोळ्यांत पाणी बघून कोणती आत्या नाही म्हणेल, एवढंच त्यामागे होतं.

या ट्रॅक्टरनं आमची शेती खाल्ली, असं मी तीस वर्षं मानत आले होते. बाबांनी तो १९७९ साली निफाडच्या बाजूनं जुना विकत आणला, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्याआधी आमच्याकडे बैलजोडी होती. गाव आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात आमची खारजमीन होती. बाहेरून मातीचा बांध, बांधाला उघाडी. भरतीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं बाहेर जावं, यासाठी उघाडीच्या फळ्या काढायच्या-घालायच्या. समोर पलीकडच्या काठाला भिवंडीकडची गावं. त्या जमिनीत राता भात व्हायचं, लालसर, जाडं, खारेपणा सोसणारं. त्या भाताच्या पेजेची चव मला अजून आठवते. लग्नानंतर डोंबिवलीत मी तो तांदूळ किती शोधला.

मग ट्रॅक्टर आला, बैल गेले. पहिली काही वर्षं तो शेतात फिरला. नंतर उन्हाळ्यात वीटभट्टीच्या विटा ओढू लागला, आणि त्यानंतर वर्षभर रेतीबंदरावरची रेती. बाबा रात्री घरी यायचे ते डिझेलचा वास घेऊन. जेवताना त्यांच्या हातांच्या भेगांत काळं दिसायचं. शेतावर ते जाईनासे झाले, एक तुकडा पड राहिला, मग दुसरा, आणि १९९४ साली उरलेलं सगळं विकलं. माझ्या मनात या गोष्टींची एक सरळ साखळी तयार झाली होती. ट्रॅक्टर आला, बाबांना भाड्याच्या पैशाची चटक लागली, शेत गेलं. २००६च्या सुमारास तो बंद पडला आणि दोन वर्षांनी बाबा गेले. तेव्हापासून मी माहेरी गेले की शेडकडे पाठ करून बसायचे. शाळेत मुलांना मी तीस वर्षांवर इतिहास शिकवला, पण माझ्या घरच्या इतिहासाचा एक पुरावाही तपासला नव्हता.

भाच्यानं पहिल्यांदा केलं ते नाव शोधण्याचं काम. बाबांनी त्यावर तीन-चार वेळा रंग मारला होता, शेवटचा निळा. त्याखाली हिरवा, त्याखाली मूळचा लाल. तो ट्रॅक्टर आहे इंटरनॅशनल बी-२७५. हे मॉडेल मुळात इंग्लंडात इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या कारखान्यात बनायचं. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला हाच ट्रॅक्टर बनू लागला. विकायचं काम व्होल्टासकडे होतं. १९७७ साली ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. पुढे गावोगाव दिसणारा महिंद्र २७५ हा त्याच घराण्यातला, आणि त्याचा लाल रंगही तिथूनच आलेला.

भाचा हे सांगत होता तेव्हा मी शेडच्या दारात उभी होते. दारातून येऊरचे डोंगर दिसतात, म्हणजे आता दोन टॉवरांच्या फटीतून दिसतात. त्या डोंगरांच्या पलीकडे, जंगल संपतं तिथे, कांदिवली. निफाडच्या द्राक्षांपर्यंत जाऊन तो ट्रॅक्टर परत डोंगराच्या या बाजूला आला होता. हे कळल्यावर मी पहिल्यांदा शेडच्या आत पाऊल टाकलं.

पण मत बदललं ते चिखलानं.

एका रविवारी दादा आणि भाचा इंजिनाला लागले होते. भाची बोल्ट-नट वेगळे करून डब्यांवर चिठ्ठ्या लावत होती. मला काही येत नव्हतं म्हणून भाच्यानं स्वयंपाकघरातला जुना कालथा हातात दिला आणि म्हणाला, "आत्या, तू मागच्या अ‍ॅक्सलवरचं खरवड." मागच्या दोन चाकांना जोडणारे जे जाड बाहू असतात, ते मधल्या गिअरबॉक्सला जिथे मिळतात, त्या खोबणीत चांगला चार बोटं जाड थर बसला होता. ग्रीस आणि धूळ मिळून त्याचा दगड झालेला. ब्रशनं डिझेल लावायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि कालथ्यानं उचकटायचं.

वर होती करडी बारीक भुकटी. ती गेल्या पंधरा वर्षांतली, आजूबाजूच्या बांधकामांची. ती निघाल्यावर रेती लागली. खाडीची काळसर रेती, तिच्यात शिंपल्यांचे बारीक पांढरे तुकडे चमकत होते. त्याखाली विटांचा लाल चुरा. थर अगदी पुस्तकात दाखवतात तसे सरळ नव्हते, एकमेकांत मिसळलेही होते, पण रंग ओळखता येत होते. माझा हात आपोआप सावकाश चालू लागला. विटांच्या खाली, लोखंडाला अगदी चिकटून, राखाडी चिकण चिखल होता. वाळून घट्ट झालेला. कालथ्याच्या टोकानं त्याची एक ढलपी सुटली, आणि तिच्या आतल्या अंगाला भाताचं तूस होतं. एक नाही, कितीतरी. आणि पेंढ्याची एक काडी, बोटभर लांब, अजून पिवळी.

ती खाजणाची, आमच्या खारजमिनीची माती होती. ती मला दाखवायची गरज नव्हती, लहानपणी आवणीच्या दिवसांत गुडघ्यापर्यंत मी तिच्यात उभी राहिले आहे. मी ती ढलपी घेऊन आत आईकडे गेले. आई तेव्हा ब्याऐंशीची होती. तिनं ती हातात घेतली, बोटानं थोडी भिजवली, वास घेतला आणि म्हणाली, "आपल्या मोठ्या खाचरातली हाय."

मग त्या दुपारी मी तिला पहिल्यांदा विचारलं, ट्रॅक्टर घेतलाच का?

आईनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. कोलशेत रस्त्याला कारखाने आले, सँडोझ, बायर आणि बाकीचे. गावातली तरणी मुलं पाळीवर जाऊ लागली. त्यात वाईट काही नव्हतं, घरांत पगार आला. पण आवणीला माणूस मिळेना. चराऊ रानाला भिंती पडल्या, बैलांना गवत मिळेना. खाजणातल्या चिखलणीला दिवस मोजकेच असतात. पावसानं मातीतला खारेपणा धुऊन निघाला की चिखल करून रोपं लावून मोकळं व्हायचं, उशीर झाला तर पीक हातचं गेलं. एका बैलजोडीनं आणि एका माणसानं ते होईना. आजूबाजूच्या तीन-चार घरांनी त्या वर्षांत शेत सोडलं. बाबांनी सोडायचं नाही म्हणून ट्रॅक्टर आणला. चाकांना लोखंडी केजव्हील लावून तो चिखलात उतरवला की दोन दिवसांचं काम एका सकाळीत व्हायचं. बाबा शेजाऱ्यांचीही खाचरं करून द्यायचे.

"मग विटा कशाला ओढल्या?" मी विचारलं.

"हप्ता व्हता ना बाय. डिझेल व्हता. भात इकून ट्रॅक्टरचा पोट भरतो काय? त्यानं इटा ओढल्या तवा शेत राह्यला पंधरा वर्सा."

मी गप्प झाले. पण अजून एक प्रश्न उरला होता आणि तो विचारल्याशिवाय मला राहवेना. "मग शेवटी विकलं का?"

आई थोडा वेळ काही बोलली नाही. तिला मला दुखवायचं नव्हतं, हे आता कळतं. मग म्हणाली, "तुझ्या डोंबिवलीच्या जागेला पैसं नको व्हतं?"

हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. १९९४ साली आम्ही डोंबिवलीत भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या जागेत गेलो, तेव्हा बाबांनी मला साठ हजार रुपये दिले होते. शेताच्या खरेदीखताच्या कागदावर माझीही सही आहे. मी निबंधकाच्या कार्यालयात दादाशेजारी बसून ती केली होती. बाबांना वीट-रेतीच्या भाड्यातून जे वाचवता आलं ते पंधरा वर्षं वाचलं, आणि मी मागितलं तेव्हा दिलं गेलं. एकट्या माझ्यामुळे शेत गेलं असंही नाही. जमिनीचे भाव चढले होते, चहूबाजूंनी भिंती येत होत्या, एकट्यानं बांध राखणं अशक्य होत चाललं होतं. पण मी माझी सही विसरले आणि सगळा दोष एका मुक्या यंत्रावर टाकला. दादानं अठ्ठावीस वर्षांत एकदाही मला त्याची आठवण करून दिली नाही. मी त्याच्या पाठीमागे भंगारवाला बोलावला, तेव्हाही नाही.

त्या रविवारी रात्री डोंबिवलीला परतताना मी भंगारवाल्याकडे गेले आणि त्याचे पाच हजार परत दिले. पुढच्या महिन्यात लायनर-पिस्टनच्या संचाचे पैसे मी भरले. तो माझा हिस्सा आहे असं मी दादाला सांगितलं, आणि तो फक्त "बरं" म्हणाला.

इंजिन जाम होतं. हेड उतरवल्यावर दिसलं की मधल्या दोन सिलिंडरांत पाणी जाऊन गंज चढला आहे. दादानं त्यांत डिझेल आणि जुनं ऑइल मिसळून ओतलं आणि तीन आठवडे तसंच ठेवलं. रोज कामावरून आला की तो जाऊन बघायचा, किती झिरपलं. मग सागाचा ठोकळा ठेवून वरून हातोडीचे ठोके, हळू, सगळीकडे सारखे. चौथ्या रविवारी पिस्टन एक सूत हलला. क्रँक वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ग्राइंड करून आणला. बेअरिंगा आणि सील मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळाले. या कामात मला सगळ्यांत नवल वाटलं ते हे की बी-२७५चे सुटे भाग आपल्याकडे आजही बनतात आणि परदेशातही जातात. इंग्लंड-आयर्लंडमध्ये जुने ट्रॅक्टर दुरुस्त करणारी घरंच्या घरं आहेत, आजोबा-नातवंडं एकत्र बसून हेच करतात, आणि इंग्लंडात बनलेल्या ट्रॅक्टरला भारतात बनलेला भाग बसवतात.

आपल्याकडे या हौसेला अजून मान नाही. २०२१ साली केंद्र सरकारनं ५० वर्षांवरच्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, त्यांना व्हीए अक्षरांची नंबरप्लेट मिळते. पण ती दुचाकींना आणि मोटारींना. राजेरजवाड्यांच्या गाड्या त्यात बसतात, ज्या यंत्रानं गावाचं पोट भरलं ते बसत नाही. ट्रॅक्टरही त्या यादीत यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. नाशिक, सांगली, कोल्हापूरकडे किती शेडांत असे ट्रॅक्टर उभे असतील, आणि त्यांच्या घरांत माझ्यासारखं कोणीतरी किलोचा दर विचारत असेल.

एक छोटी वस्तू सांगायची राहिली. हातानं ओढायचा अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा खाली ज्या सळईला जोडलेला असतो, तिथे कॉटर पिन असायला हवी. तिथे बाबांनी होडीचा तांब्याचा खिळा घालून वाकवला होता. आमचे मामा होड्या बांधायचे, त्यांच्याकडचाच असणार. डोकं हातोडीनं चापट केलेलं, टोक नीट आत वळवलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून कानशीनं घासलेलं. कानशीचे बारीक ओरखडे भिंग न लावता दिसतात. भाची इंजिनीअरिंगला आहे, ती म्हणाली, इथे पिनच पाहिजे, एक-दोन रुपयांची असते. मी म्हटलं, पिन घाल, पण खिळा मला दे. दादानं दोघींचं ऐकून घेतलं, खिळा परत जागेवर घातला आणि शेजारी दुसरं भोक पाडून पिनही घातली.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो चालू झाला. बी-२७५च्या जुन्या इंजिनाला आधी हीटर लावावा लागतो. त्याच्या सिलिंडरांच्या वर छोट्या कप्प्यांत डिझेल पेट घेतं, आणि थंड असताना ते कप्पे प्लगनं तापवल्याशिवाय इंजिन दाद देत नाही. हवा काढली, हीटर दाबून भाच्यानं तीस आकडे मोजले, सेल्फ मारला. पहिल्या चार-पाच वेळा नुसता पांढरा धूर. मग एक सिलिंडर पेटला, मग दुसरा, मग चारी. आवाज घरात गेला. आई भिंतीला धरून दारापर्यंत आली. तिला आता नीट ऐकू येत नाही, म्हणून तिनं हात चौकटीवर ठेवला. चौकट थरथरत होती.

रंगावरून मात्र आमचं भांडण झालं, आणि त्यात पुन्हा मी चुकीच्या बाजूला होते. मत बदललेल्या माणसाचा उत्साह फार असतो. मला तो शोरूममधून आल्यासारखा हवा होता, डाव्या मडगार्डवरचे पोचे ठोकून, लांबी भरून, चकचकीत. दादा म्हणाला, तो पोचा उघाडीच्या खांबाला घासून पडलेला आहे, तो काढला तर तो दिवसही जाईल. दोन रविवार आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. तिसऱ्या रविवारी मी स्वतः वॉटर पेपर घेऊन त्या मडगार्डला बसले आणि पोच्यापाशी पोचल्यावर माझाच हात थांबला. तिथे खाली धातूत लाकडाचा एक कूस रुतलेला होता, डांबराचा काळेपणा असलेला. उघाडीच्या फळ्यांना बाबा डांबर लावायचे. पोचा तसाच ठेवला, वरून लाल रंग दिला.

माणकोलीचा पूल झाल्यापासून मी डोंबिवलीहून तासाच्या आत कोलशेतला पोचते. मी आता निवृत्त आहे, त्यामुळे रविवारची वाटही बघत नाही. लिफ्ट अजून धरत नाही. मागे नांगर उचलला की पाच मिनिटांत हळूहळू खाली बसतो, म्हणजे आतली सील किंवा व्हॉल्व्ह बघायला हवा. भाच्याला तो एकदा चिखलात उतरवायचा आहे. गावात आता चिखल करायला जमीन नाही. माझ्या सासरी मुरबाडकडे अजून भात लावतात, दोन खाचरं तरी देतील, मी विचारलं आहे. दिरांनी हो म्हटलं, फक्त ट्रॅक्टर ट्रकवरून न्यावा लागेल आणि बांध जपून उतरवायला लागेल.

केजव्हील माळ्यावर सापडले. शेडच्या भिंतीला टेकवून ठेवले आहेत, घासून झाले, रेड ऑक्साइडचा एक हात दिला आहे. उजव्याच्या दोन पट्ट्या तुटल्या आहेत. वेल्डरला मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बोलावलं आहे. यावेळी दिवस दादानं ठरवला.